घट मोजण्याचे शास्त्र
(धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या वार्षिक समारंभात दिलेले भाषण)



 

अशा समारंभात डॉक्टरला बोलावले की तो मधुमेह, रक्तदाब आणि गोड कमी खाण्याविषयी सांगणार, असे आपण गृहीत धरतो. ते अगदीच चुकीचे नाही. शेवटी मीही तेथे येणार आहे. परंतु आज मी एका साध्या शब्दाविषयी बोलण्याचे ठरविले आहे. तो शब्द म्हणजे 'घट'. आपल्या बैठकांत हा शब्द वारंवार ऐकू येतो. कोणी म्हणतो, कार्यक्रमांची उपस्थिती घटली. कोणी म्हणतो, देशात बौद्धांची संख्या घटत चालली आहे. आणि आपल्या शेजारी राहणारे, आपल्याच देशातून आलेले काही मित्र चहाच्या टेबलावर सांगतात की, भारतात आता जातिभेद पुष्कळ कमी झाला आहे. तुम्ही उगाच जुन्या गोष्टी उकरून काढता. ही सर्व घटीविषयीची विधाने आहेत. त्यांतील काही खरी असतील, काही खोटी. ती ऐकून आपण खिन्न तरी होतो किंवा चिडतो तरी. परंतु शास्त्रज्ञ अशा विधानाचे काय करतो? तो काही प्रश्न विचारतो. कालामांना तथागतांनी जो उपदेश केला, की केवळ ऐकीव आहे, परंपरेने आले आहे किंवा सांगणारा मोठा आहे म्हणून काही स्वीकारू नका, त्या उपदेशाशी हे प्रश्न अगदी सुसंगत आहेत. वेगवेगळ्या शास्त्रांत ते कसे विचारले जातात, हे आज आपण पाहू.

पहिले उदाहरण अत्यंत नियमबद्ध घटीचे. झाड, माणूस, जनावर, जे जे जिवंत असते ते हवेतून आणि अन्नातून कार्बन घेत असते. त्या कार्बनचा एक अत्यल्प अंश किरणोत्सारी असतो. त्यास कार्बन-१४ म्हणतात. जीव मरण पावला की नवा कार्बन येणे थांबते आणि आत असलेला कार्बन-१४ हळूहळू नष्ट होऊ लागतो. सुमारे ५,७३० वर्षांत तो निम्मा उरतो, पुढील तेवढ्याच वर्षांत त्याच्या निम्मा. दर वर्षी ठरावीक वजन कमी होते असे नव्हे. जेवढे शिल्लक आहे त्याचा ठरावीक हिस्सा कमी होतो. ही घट ऊन, पाऊस, थंडी कशानेही बदलत नाही, म्हणून ती घड्याळासारखी वापरता येते. लुंबिनीच्या मायादेवी मंदिराखाली झालेल्या उत्खननात अशोककालीन विटांच्याही खाली एका जुन्या लाकडी बांधणीच्या खुणा सापडल्या. तेथील कोळशाच्या कणांतील कार्बन आणि वाळूच्या कणांतील साठलेली ऊर्जा तपासून शास्त्रज्ञांनी २०१३ साली जाहीर केले की, ती बांधणी इसवी सनापूर्वी सहाव्या शतकाइतकी जुनी असावी. अर्थ लावण्याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. परंतु तथागतांच्या जन्मस्थानाचा काळ ठरविण्यास एका मूलद्रव्याची घट उपयोगी पडली, ही गोष्ट आपणा बौद्धांना निश्चितच रोचक वाटेल.

सर्वच घट इतकी शिस्तबद्ध असती तर शास्त्रज्ञांचे काम सोपे झाले असते. जिवंत शरीरात ती तशी नसते. मी मूत्रपिंडांच्या विकारांचा डॉक्टर आहे. रक्त गाळण्याची मूत्रपिंडांची क्षमता तरुणपणी मिनिटाला सुमारे १०० ते १२० मिलिलिटर असते. वयाच्या तिशी-चाळिशीनंतर ती दर वर्षी सुमारे एक मिलिलिटरने कमी होते, असे आम्हांस विद्यार्थिदशेत शिकविले गेले. हा आकडा आला कोठून? एकाच वेळी वीस, चाळीस, साठ आणि ऐंशी वर्षांच्या माणसांची तपासणी करून. तसे केल्यास उतरती रेषा मिळते. परंतु ऐंशी वर्षांचा तो गृहस्थ वीस वर्षांचा असताना कसा होता, हे त्यातून मुळीच कळत नाही. त्याचे बालपण निराळे, त्याचे अन्न निराळे, त्याच्या काळचे रोग निराळे. आपण दोन पिढ्यांची तुलना करतो आणि तिला एका माणसाचे वार्धक्य समजतो.

म्हणून अमेरिकेत बाल्टिमोर येथे १९५८ साली एक दीर्घ अभ्यास सुरू झाला. तीच माणसे वर्षानुवर्षे पुनःपुन्हा तपासण्यात आली. १९८५ साली त्यातील मूत्रपिंडांविषयीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. २५४ निरोगी व्यक्तींत सरासरी घट वर्षाला ०.७५ मिलिलिटर होती. तथापि खरी महत्त्वाची गोष्ट सरासरीत नव्हती. त्यांपैकी सुमारे एकतृतीयांश व्यक्तींमध्ये एवढ्या वर्षांत काहीही घट आढळली नाही! जी गोष्ट आम्ही वयाचा अटळ परिणाम म्हणून शिकलो होतो, ती प्रत्येकाच्या वाट्याला येत नव्हती. यातून घटीच्या अभ्यासाचे दोन नियम निघतात. पहिला, शक्य तेथे त्याच व्यक्तीची, त्याच जागेची, त्याच गोष्टीची पुनःपुन्हा मोजणी करावी. दुसरा, सरासरी पाहून थांबू नये. ती फोडून पाहावी.

परंतु पूर्वी कोणी मोजलेच नसेल तर? येथे मला गिधाडांची गोष्ट आठवते. आपल्यापैकी ज्यांचे बालपण खेड्यात गेले त्यांनी गावाबाहेर, ढोरफोडीच्या जागेवर उतरणारी गिधाडे पाहिली असतील. मेलेली जनावरे ओढून नेण्याचे काम आपल्या आजोबा-पणजोबांच्या माथी मारलेले होते आणि १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी मृतमांस सोडण्याचे आवाहन केले, तो इतिहास आपणांस ठाऊक आहे. त्या पिढीला गिधाड हा रोजचा पक्षी होता. रोजच्या वस्तूची मोजदाद कोणी ठेवत नाही. सुदैवाने १९९० च्या दशकाच्या आरंभी भारतातील पक्षिशास्त्रज्ञांनी शिकारी पक्ष्यांची गणना करताना ठरावीक रस्त्यांवरून मोटारीने जाऊन दिसलेली गिधाडेही नोंदविली होती. पुढे राजस्थानात भरतपूरच्या अभयारण्यात गिधाडे झपाट्याने नाहीशी होत असल्याचे लक्षात आले, तेव्हा त्याच रस्त्यांवरून पुन्हा गणना करण्यात आली. १९९२ ते २००७ या काळात पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या ९९.९ टक्क्यांनी घटली होती. हजार होती तेथे एक उरले.

कारण शोधताना प्रथम एखाद्या साथीचा संशय घेण्यात आला, कीटकनाशकांचाही घेण्यात आला. मेलेल्या पक्ष्यांचे शवविच्छेदन केल्यावर आतील इंद्रियांवर पांढरा थर आढळला. तो यूरिक आम्लाचा होता. म्हणजे पक्षी मूत्रपिंडे निकामी होऊन मरत होते. जनावरांना वेदनाशामक म्हणून दिले जाणारे डायक्लोफिनॅक हे औषध त्यास कारणीभूत असल्याचा पुरावा २००४ साली प्रसिद्ध झाला. औषध दिल्यावर लगेच मेलेल्या जनावराचे मांस खाल्ले की गिधाड दगावत असे. शास्त्रज्ञांनी गणित मांडले तेव्हा आणखी एक धक्कादायक गोष्ट दिसली. मेलेल्या शंभर जनावरांपैकी एकाहूनही कमी जनावरांत हे औषध असले, तरी एवढा संहार होण्यास ते पुरेसे होते. कारण एका जनावरावर गिधाडांचे थवे उतरतात आणि गिधाडाची वीण अत्यंत संथ असते. म्हणजे मोठ्या घटीस कारणही मोठेच असले पाहिजे, हा आपला समज चुकीचा ठरतो. भारत सरकारने २००६ साली जनावरांसाठी या औषधावर बंदी घातली.

गिधाडे गेल्यावर मृत जनावरे उघड्यावर कुजू लागली, पाणी दूषित झाले, भटकी कुत्री आणि त्यांबरोबर अलर्क रोगाचा धोका वाढला. जेथे पूर्वी गिधाडे विपुल होती असे जिल्हे आणि जेथे ती मुळात कमी होती असे जिल्हे यांची तुलना करून २०२४ साली दोन अर्थशास्त्रज्ञांनी अंदाज मांडला की, २००० ते २००५ या काळात भारतात यामुळे सुमारे ५ लाख माणसांचे अधिक मृत्यू झाले. बंधू-भगिनींनो, गाव स्वच्छ ठेवण्याच्या कामाला आपल्या समाजरचनेने नेहमीच हीन मानले. ते काम करणारा नाहीसा झाल्यावर त्याची किंमत कळते, आणि तीही माणसांच्या प्राणांच्या रूपाने मोजावी लागते.

कधीकधी घट डोळ्यांसमोर असूनही दिसत नाही, कारण ती अपेक्षित नसते. दक्षिण ध्रुवाजवळ हॅली बे येथे ब्रिटिश शास्त्रज्ञ १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून आकाशातील ओझोन वायूचे प्रमाण जुन्या पद्धतीच्या उपकरणाने मोजत होते. दर वर्षी ऑक्टोबरात ते कमी होत चालल्याचे त्यांना दिसले. त्यांनी उपकरण तपासले, पुन्हा मोजले आणि १९८५ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्या वेळी वर फिरणाऱ्या उपग्रहाच्या नोंदींतही तसेच नीचांकी आकडे आलेले होते. परंतु इतके कमी प्रमाण असणे शक्य नाही, या समजुतीने संगणकाने त्यांवर संशयास्पद अशी खूण केली होती. महागडे यंत्र चुकले नव्हते. यंत्राला काय अपेक्षित ठेवावे हे सांगणारी माणसाची समजूत चुकली होती. पुढे दोनच वर्षांत, १९८७ साली, मॉन्ट्रियलचा करार झाला.

आता मी आपणांस अशा एका शास्त्रज्ञाकडे नेतो, ज्यांच्याकडे आपण या दृष्टीने क्वचित पाहतो. कृषितज्ज्ञ डॉ. हॅरॉल्ड मॅन यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या गावाचा अभ्यास करून १९१७ साली तो ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. त्या गावात १७७१ साली सरासरी जमीनधारणा ४० एकर होती. १९१४-१५ साली ती ७ एकरांवर आली होती. शेतीचे तुकडे पडत आहेत, क्षेत्र घटत आहे, म्हणून तुकडे एकत्र करून शेते मोठी करावीत, असा त्या काळी सर्वत्र सूर होता. १९१८ साली बाबासाहेबांनी भारतातील लहान शेतजमिनी आणि त्यांवरील उपाय या विषयावर इंग्रजीत एक निबंध प्रसिद्ध केला. घट झाली हे त्यांनी नाकारले नाही. त्यांनी विचारले, शेत लहान आहे हे तुम्ही कशावरून ठरविता? नुसत्या एकरांवरून शेत लहान की मोठे ते ठरत नाही. त्या जमिनीवर राबणारे मनुष्यबळ किती, नांगर आणि बैल किती, भांडवल किती, यांच्या प्रमाणावर ते ठरते. औत-अवजारांचा तुटवडा पाहता नुसते क्षेत्र वाढविल्याने शेतकऱ्याची स्थिती सुधारणार नव्हती. मूळ दुखणे असे होते की, फार मोठी लोकसंख्या दुसरा उद्योग नसल्यामुळे जमिनीला चिकटून राहिली होती. म्हणून त्यांनी सुचविलेला उपाय औद्योगिकीकरणाचा होता. डॉक्टरी भाषेत सांगायचे तर इतर जण लक्षणावर औषध देत होते आणि बाबासाहेबांनी निदान केले.

१९२३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या रुपयाविषयीच्या प्रबंधातही हीच दृष्टी आहे. १८७० च्या सुमारास एका रुपयास जवळजवळ दोन शिलिंग मिळत. १८९० च्या दशकाच्या मध्यास तो सव्वा शिलिंगाच्याही खाली उतरला. रुपया घटला, हे सर्वांना दिसत होते. परंतु कशाच्या तुलनेत घटला? चांदी उतरली की सोने चढले? सोन्याशी असलेला विनिमयाचा दर स्थिर ठेवला म्हणजे काम झाले, असे मानणाऱ्यांना बाबासाहेबांनी विचारले की, त्या रुपयात बाजारात वस्तू किती येतात, त्याचे काय? सामान्य माणसाच्या हातातील रुपयाची क्रयशक्ती ही त्यांची मोजपट्टी होती. कोणती मोजपट्टी निवडायची, यातच कोणाचे हित पाहायचे हे ठरून जाते, ही जाणीव त्या ग्रंथात आहे.

आणि मोजपट्टीचा विषय निघाला म्हणून मला माझ्या स्वतःच्या व्यवसायातील एक गोष्ट आज कबूल केली पाहिजे.

मूत्रपिंडांची क्षमता थेट मोजणे कष्टाचे असते. म्हणून आम्ही रक्तातील क्रिएटिनिन नावाचा पदार्थ मोजतो आणि वय व लिंग यांच्या साहाय्याने सूत्राने क्षमतेचा अंदाज काढतो. १९९९ नंतर या देशात जी सूत्रे रूढ झाली, त्यांत आणखी एक रकाना होता. रुग्ण कृष्णवर्णीय असल्यास आलेल्या उत्तरास एका आकड्याने गुणायचे. एका सूत्रात त्यामुळे उत्तर सुमारे २१ टक्क्यांनी वाढत असे, २००९ च्या सूत्रात सुमारे १६ टक्क्यांनी. कृष्णवर्णीयांच्या शरीरात स्नायू अधिक असतात, असे त्याचे समर्थन केले जाई. याचा परिणाम पाहा. या देशात मूत्रपिंडाच्या प्रत्यारोपणासाठी प्रतीक्षाकाळ मोजण्यास क्षमता २० किंवा त्याखाली यावी लागते. समजा दोन रुग्णांचे वय, लिंग आणि रक्तातील आकडा अगदी सारखा आहे. गोऱ्या रुग्णाचे उत्तर १८ येते आणि त्याचा प्रतीक्षाकाळ सुरू होतो. कृष्णवर्णीय रुग्णाचे तेच उत्तर १६ टक्के वाढून जवळजवळ २१ होते आणि त्यास सांगितले जाते, आपली मूत्रपिंडे अजून पुरेशी घटलेली नाहीत, थांबा. खरे पाहता मूत्रपिंडांचा ऱ्हास याच समाजात अधिक आढळतो. म्हणजे ज्यांची घट सर्वांत जास्त, त्यांचीच घट कागदावर कमी दिसत होती.

मी हे सूत्र अनेक वर्षे वापरले. प्रयोगशाळेच्या अहवालावर दोन आकडे छापलेले असत, एक कृष्णवर्णीयांसाठी आणि एक इतरांसाठी. मी योग्य तो आकडा पाहून पुढचा रुग्ण बोलावीत असे. जन्मावरून माणसाची प्रतवारी करणाऱ्या व्यवस्थेविरुद्ध लढलेल्या समाजाचा मी मुलगा. घरी भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर. आणि तरीही त्या दोन आकड्यांकडे पाहताना मला काही खटकले नाही, कारण ते शास्त्राच्या वेषात आले होते. जे तरुण वैद्यकीय विद्यार्थी आणि डॉक्टर या सूत्राविरुद्ध उभे राहिले, त्यांच्यापुढे मी आज नम्र होतो. २०२१ साली मूत्रपिंडतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संस्थांनी वंशाचा रकाना नसलेले सूत्र स्वीकारण्याची शिफारस केली. २०२२ साली प्रत्यारोपणाच्या यादीसाठी वंशाधारित सूत्रे वापरण्यास मनाई झाली आणि २०२३ पासून ज्यांचा प्रतीक्षाकाळ त्यामुळे हुकला होता, अशा हजारो रुग्णांना तो परत जोडून देण्यात आला. शास्त्र चुकू शकते. परंतु पुरावा दाखवून ते दुरुस्तही करता येते. मनुस्मृतीत आणि शास्त्रात हा फरक आहे.

आता आपल्या घरचा प्रश्न घेऊ. बौद्धांची संख्या घटत आहे काय?

१९५१ च्या जनगणनेत संपूर्ण भारतात सुमारे १ लाख ८१ हजार बौद्ध होते. १४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या दीक्षेनंतर, १९६१ साली ते सुमारे साडेबत्तीस लाख झाले. २००१ साली ७९.५५ लाख आणि २०११ साली ८४.४३ लाख. म्हणजे संख्या घटलेली नाही, वाढली आहे. परंतु त्या दहा वर्षांत देशाची लोकसंख्या १७.७ टक्क्यांनी वाढली आणि बौद्धांची केवळ ६.१ टक्क्यांनी; त्यामुळे एकूण लोकसंख्येतील आपला हिस्सा ०.८ टक्क्यांवरून ०.७ टक्क्यांवर आला. संख्या वाढली आणि हिस्सा घटला, ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी आहेत. म्हणून घटीविषयी बोलणाऱ्यास प्रथम विचारावे, किती पैकी किती?

आता ही सरासरी फोडून पाहू. महाराष्ट्रात बौद्ध ५८.४ लाखांवरून ६५.३ लाखांवर गेले. याचा अर्थ महाराष्ट्राबाहेरील बौद्ध सुमारे २१ लाखांवरून सुमारे १९ लाखांवर आले. तेथे मात्र नुसता हिस्सा नव्हे, प्रत्यक्ष नोंदलेली संख्याच घटली. दोन लाख माणसे कोठे गेली? ती मरण पावली नाहीत की देश सोडून गेली नाहीत. कुटुंबे लहान झाली असतील, परंतु तेवढ्याने एवढी घट समजत नाही. मी मुद्दाम 'नोंदलेली संख्या' असे म्हणालो. जनगणना धर्म मोजते ती प्रगणकाच्या कागदावर लिहिलेल्या शब्दावरून. प्रगणकाने न विचारताच धर्म लिहिला असेल, किंवा अनुसूचित जातीचा लाभ जाईल या भीतीने घरच्यांनीच दुसरा धर्म सांगितला असेल, तर ती माणसे आपल्या आकड्यातून नाहीशी होतात. यांपैकी कोणत्या कारणाचा वाटा किती, हे तपासण्याचे काम आपल्या सुशिक्षित तरुणांनी हाती घेण्याजोगे आहे.

व्याख्या बदलली की आकडा कसा बदलतो, याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. १९८१ साली राज्यात अनुसूचित जातींचे प्रमाण ७.१ टक्के होते. १९९१ साली ते ११.१ टक्के झाले. दहा वर्षांत इतकी मुले जन्माला आली नव्हती. १९९० साली कायद्यात दुरुस्ती होऊन बौद्धांचाही अनुसूचित जातींत समावेश झाला. दीक्षेनंतर ज्यांना त्या गणतीतून वगळले गेले होते, ते तीत परत आले. ही तरतूद लागू होऊन तीन दशके लोटली आहेत. बौद्ध असे लिहिल्याने अनुसूचित जातीचा हक्क जात नाही, ही गोष्ट मात्र खेड्यापाड्यांतील सर्व घरांपर्यंत अजून पोहोचलेली नाही. २०२१ ची जनगणना वेळेवर झाली नाही. ती २०२७ मध्ये होईल आणि तीत जातीचीही नोंद होईल, असे भारत सरकारने जाहीर केले आहे. आपण सातासमुद्रापलीकडे बसून त्या गणनेत उभे राहू शकत नाही. परंतु दर रविवारी आपण गावी दूरध्वनी करतोच. तेव्हा आई-वडिलांना, काका-मामांना, भावजयीला एवढे जरूर सांगावे की, प्रगणक दाराशी आला म्हणजे त्याला धर्म स्वतः सांगा, बौद्ध असा सांगा आणि त्याने काय लिहिले ते पाहून घ्या.

शेवटी त्या चहाच्या टेबलावरील विधानाकडे येतो. भारतात जातिभेद कमी झाला, असे कोणी म्हटले तर रागावू नका, प्रश्न विचारा. कशावरून कमी झाला? पोलिसांत नोंदलेल्या गुन्ह्यांवरून? जेथे तक्रार करण्याची हिंमत वाढते तेथे नोंदी वाढतात, आणि जेथे दहशत असते तेथे कागद कोरा राहतो. केव्हापासून कमी झाला? त्याच गावात, त्याच विहिरीवर, त्याच शाळेत पूर्वी आणि आता मोजले काय? सरासरीने कमी झाला असेल तर कोणासाठी झाला नाही? आणि मोजले कोणी; ज्याला भेद सोसावा लागतो त्याला विचारले काय? या प्रश्नांची उत्तरे मिळाली आणि तरीही घट सिद्ध झाली, तर आपण ती आनंदाने मान्य करू. तिचे श्रेय कोणाला, हेही मग कार्यकारणभावाने पाहू; कारण काहीही विनाकारण घडत नाही, ही तथागतांची शिकवण घटीलाही लागू आहे. काळ लोटला म्हणून आपोआप कमी होते ते कार्बन-१४. समाजातील अन्याय जेथे कमी झाला असेल, तेथे तो कोणीतरी कमी केलेला असतो.

आरंभी दिलेले वचन पाळून दोन शब्द आरोग्याविषयी. दक्षिण आशियातील लोकांस मधुमेह लवकर आणि कमी वजनातही जडतो. मधुमेह व रक्तदाब हे मूत्रपिंडांचे प्रमुख शत्रू आहेत. ही घट मुकी असते. क्रिएटिनिन ०.८ वरून १.६ वर गेले तर आकडा लहान वाटतो, पण तेवढ्यात सुमारे निम्मी क्षमता गेलेली असते आणि माणसाला काहीही जाणवत नाही. म्हणून चाळिशीपुढील प्रत्येकाने, आणि मधुमेह किंवा रक्तदाब असणाऱ्याने कोणत्याही वयात, वर्षातून एकदा रक्तातील क्रिएटिनिन आणि लघवीतील अल्ब्युमिन तपासून घ्यावे. मुख्य म्हणजे जुने अहवाल टाकून देऊ नयेत. एका फायलीत तारखेप्रमाणे लावून ठेवावेत. एका आकड्यावरून घट कळत नाही. त्यासाठी कालचा आकडा जपून ठेवलेला असावा लागतो.

समाजाचेही तसेच आहे. आपल्या या संस्थेच्या दर वर्षीच्या सभासदांची, मुलांच्या धम्मवर्गातील उपस्थितीची, गावाकडे पाठविलेल्या शिष्यवृत्तींची नोंद आजपासून नीट ठेवूया. पुढील पिढीतील कोणी या व्यासपीठावरून वाढ झाली की घट झाली असे म्हणेल, तेव्हा त्याच्या हातात पुरावा असावा, एवढीच इच्छा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.

नमो बुद्धाय! जयभीम!